भोपळ्याचा बाप

१

आपल्याला मुलगा आहे ही बातमी टोलकाकांना बुधवारी संध्याकाळी सव्वासहाला फोनवर कळली. मुलगा सहावीत होता म्हणे, आणि अपूर्णांकात कच्चा होता.

आता टोलकाका कोण, तर शाळेचे शिपाई. तीस वर्षं शाळेचा टोल त्यांच्याच हातचा, म्हणून टोलकाका. खरं नाव पगारपत्रकात आहे, तिथेच सुखात असू दे. वय छप्पन्न. लग्न झालेलं नाही. "राहून गेलं," असं ते म्हणतात. "कुणी दिली नाही," असं आक्का म्हणते. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून भावाकडेच राहते आणि घर तिचं असल्यासारखं चालवते.

तर काका ओट्यापाशी लसूण सोलत होते. हात चिकट, म्हणून फोन त्यांनी कोपराने दाबला, आणि दाबताना तो मोठ्या आवाजावर गेला. इथेच घात झाला.

"नमस्कार! पालक बोलताय ना? सहावी ब?" आवाज एकदम गोड. साखरेत घोळलेला.

"काय?"

"तुमचा मुलगा अपूर्णांकात फार मागे आहे, सर. शंभरापैकी शून्य. टॅबवर एकेका गणितापाशी चार सेकंद बसतो आणि पुढे पळतो. वेळीच लक्ष दिलं नाही तर पुढे फार जड जाईल. आमच्या क्लासला..."

"कुणाचा मुलगा?"

"तुमचाच, सर. हा नंबर तुमचाच ना?"

फोन बंद झाला. काकांनी मान वळवली. आक्का दारात उभी होती, हातात झारा.

"आक्का, अगं राँग नंबर..."

"चार सेकंद बसतो आणि पळतो," आक्का सावकाश म्हणाली. "म्हणजे तुझाच आहे."

त्या संध्याकाळी जेवताना आक्का एक शब्द बोलली नाही. ज्यांना आक्का माहीत आहे त्यांना कळेल की हे भूकंपापेक्षा वाईट.

सकाळी काका फाटक उघडायला गेले तर बाहेर ही गर्दी. सहावी बच्या चाळीसच्या चाळीस मुलांच्या घरी तसाच फोन गेला होता. चौकातल्या क्लासवाल्याचा. कुणाचं पोर कशात कच्चं, कोण किती सेकंद कुठल्या गणितावर अडतं, सगळं त्याला ठाऊक. पालक नुसते पेटले होते. "आमच्या पोरांची कुंडली त्याच्या हातात दिली कुणी?"

मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, पायरीवर आल्या. हातात पाठकोऱ्या कागदांची वही. त्यांचा नियमच होता, कागदाला दोन बाजू असतात आणि दोन्ही बाजूंना कामाला लावायचं. एका बाजूने छापलेला कुठलाही कागद टाकायचा नाही, पेटीत जमवायचा. दर गुरुवारी काका त्या पेटीतले कागद कापून, दाभणाने शिवून, त्यांच्या रफ वह्या करत.

मोठ्या बाईंनी वहीत पाहून वाचलं. "आज चार वाजता समितीची बैठक आहे. टॅबची सगळी जबाबदारी कॉम्प्युटरबाईंकडे होती. त्यांना आजच सेवेतून कमी करण्यात येईल."

फाटकाची कडी काकांच्या हातातच राहिली.

२

कॉम्प्युटरच्या खोलीत बाई खुर्चीवर बसून नाक पुसत होती. सत्तावीस-अठ्ठावीसची पोर. शाळेत आली तेव्हा सगळ्यांनी तिला शिकवायला सुरुवात केली, आणि तिने एकट्या टोलकाकांना शिकवलं. फोनमध्ये अक्षरं मोठी कशी करायची, आक्काचा फोटो कसा लावायचा. ही गोष्ट काका विसरले नव्हते.

"बाई, रडणं नंतर. आधी मला एक सांगा. चाळीस पोरांच्या घरी फोन गेले हे समजलं. पण मला कशाला आला? मला मूल नाही, बाळ नाही. आक्काने रात्रीपासून मौन धरलंय."

बाईने रुमाल खाली घेतला. चेहरा पांढरा.

"काका, तुम्हाला काय म्हणाले ते?"

"मुलगा अपूर्णांकात शून्य. चार सेकंद बसतो आणि पळतो."

"अगं बाई," ती पुटपुटली. "काका, तो मुलगा माझा आहे."

"हळू बोला! आक्का दोन गल्ल्या पलीकडचं ऐकते."

मग तिने सांगितलं. पोरांच्या हातात टॅब देण्याआधी तो नीट चालतो का हे बघायला तिने एक खोटा विद्यार्थी तयार केला होता. एक्केचाळीसावा. त्याच्या नावाने सगळी गणितं मुद्दाम चुकवली. प्रत्येक ठिकाणी भोपळा, म्हणून नाव ठेवलं भोपळ्या.

"आणि पालकांच्या फोनचा रकाना रिकामा ठेवता येत नव्हता, काका. माझा नंबर आधीच दुसरीकडे घातलेला. एकच नंबर दोनदा चालत नाही. म्हणून..."

"म्हणून मला बाप केलंत."

"हो."

"विचारलंत मला?"

बाईने मान खाली घातली. "नाही. तुम्ही नाही म्हणणार नाही, असं वाटलं."

"तेच तर! नाही म्हटलंच नसतं. पण विचारायला हवं होतं." मग काकांनी आवाज खाली आणला. "बरं, ते राहू द्या. हा भोपळ्या अजून आहे यंत्रात?"

"नाही ना! तीच तर गंमत आहे. मोठ्या बाईंना पडद्यावरचं वाचायला जमत नाही, त्यांना सगळं छापून लागतं. गेल्या आठवड्याच्या आधीच्या शुक्रवारी मी त्यांना अख्खी यादी छापून दिली. त्या म्हणाल्या, हा भोपळ्या कोण, काढा त्याला. सोमवारी मी काढला. आज गुरुवार. त्याला पुसून दहा दिवस झाले, काका."

"आणि काल त्याच्या बापाला फोन आला."

काकांनी स्टूल जवळ ओढलं.

"यंत्राचा पासवर्ड कुणाकुणाकडे?"

"माझ्याकडे, हेडक्लार्ककडे आणि टॅबच्या कंपनीच्या त्या टायवाल्याकडे. बस." बाईने घड्याळ पाहिलं. "पण आता काय उपयोग? चार वाजता..."

टोलकाका उठले. "बाई, ह्या शाळेत मी टोल दिल्याशिवाय चार वाजत नाहीत."

३

आधी हेडक्लार्क. माणूस इतका जपून वागणारा की टाचणीसुद्धा मोजून देतो.

"पासवर्ड? छे छे. ह्या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही मी. बायकोलासुद्धा नाही."

"लक्षात कसा राहतो पण?"

"ते गुपित आहे," हेडक्लार्क म्हणाले आणि नकळत टेबलाच्या काचेवर हात पसरला. काकांनी त्यांच्यासमोर चहाचा कप धरला. कप घ्यायला हात उचलला, तर काचेखाली लाल शाईत, ठळक अक्षरात पासवर्ड. खाली रेघ मारलेली. शेजारी लिहिलेलं, 'गुप्त'.

"फी भरायला येणारा प्रत्येक माणूस ह्या टेबलावर वाकतो, साहेब."

"उलटा दिसतो त्यांना!" हेडक्लार्क म्हणाले. पण घाम फुटला होता.

टायवाला बैठकीसाठी आधीच येऊन बसला होता. इतका इस्त्रीचा की बसल्यावर कुरकुर ऐकू येत होती.

"आमच्याकडून शक्यच नाही, काका. सगळी माहिती आम्ही क्लाऊडवर ठेवतो."

"म्हणजे कुठे?"

"वर."

काकांनी वर पाहिलं. छताला ओल आली होती. "आणि गळत नाही म्हणता?"

"रोज सगळं ताजं होतं. इथे बाईंनी एखादं नाव पुसलं की आमच्याकडूनही जातं. त्याच दिवशी."

"विकता का कुणाला?"

"छे! विकत नाही. फक्त भागीदारांसोबत वाटून घेतो."

"वाटून खाल्लं की चोरी नाही होय? हे पोरांना सांगू नका, माझी बिस्किटं जातात." काका उठता उठता थांबले. "तुमच्या यादीत एकेका पोराचं काय काय असतं हो?"

टायवाल्याचा चेहरा उजळला. "सगळं! नाव, जन्मतारीख, पालकांचा फोन, गुण, कुठे अडतो, किती वेळ अडतो, घरची परिस्थिती, आईवडील एकत्र राहतात का, आजारपण..."

"अपूर्णांक शिकवायला?"

टायवाल्याने टाय सैल केला.

राहिले गणिताचे सर. हे सगळ्यात संशयाचे, कारण क्लासवाला त्यांचा सख्खा साडू. काका वर्गात शिरले तेव्हा सर खडूचे तुकडे लांबीप्रमाणे लावत बसले होते.

"सर, तुमच्या साडूंनी..."

"नाव काढू नका त्या माणसाचं!" खडू मोडला. "चार वर्षं झाली बोलत नाही मी. भरल्या पंक्तीत म्हणाला, आमचे साडू बोटांवर बेरीज करतात. माझी बायको हसली, टोलकाका. बायको हसली!"

"म्हणजे यादी तुम्ही दिली नाही."

"मला यादी लागतेच कशाला? चाळीसच्या चाळीस पोरं पाठ आहेत मला. कोण छेदात घसरतं, कोण अंशात, नावासकट सांगतो. आणि गेल्या शनिवारी त्याने आपल्या हॉलमध्ये ती फुकट परीक्षा घेतली ना, मी त्या मजल्यावर पाय ठेवला नाही. काय तो चिकट माणूस! पोरांच्या रफ कामाला कागदसुद्धा शाळेचेच घेतले."

काका मान डोलवत बाहेर आले. तिघांची तऱ्हा पाहिली, पण हातात काही लागलं नाही. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं.

खिशातला फोन वाजला. आक्का. मौन सुटलं होतं.

"एवढंच विचारते," आक्का म्हणाली. "सकाळी काही खाऊन जातं का ते पोर?"

"आक्का, अगं असं काही..."

"आई कोण ते मी विचारलं का? नाही विचारलं. पोराचा काय दोष!" आणि तिने फोन ठेवून दिला.

४

दुपारी दीडला फाटकापाशी एक बाई आली. गळ्यात मोजमापाची टेप तशीच, बोटांना दोऱ्याचे तुकडे. कपडे शिवून घर चालवणारी. ओरडत नव्हती. ओरडणाऱ्याला काका समजावतात, त्यांना सवय आहे. ही नुसती उभी राहिली, तेव्हा काका आपल्या स्टुलावरून उठले.

"बसा, ताई."

"बसायला नाही आले. मुलगी आज शाळेला आली नाही, तेवढं लिहून घ्या." मग तिचा आवाज हलला. "काल फोन आला तेव्हा मशीनवर होते. पोरीनेच उचलला आणि मोठा करून माझ्यापुढे धरला. तो म्हणाला, घरी वडील राहत नाहीत म्हणून तुमचा मुलगा गणितात मागे पडतो. तिच्यासमोर, दादा. ती म्हणते, आता सगळ्यांना माहीत झालं, मी वर्गात बसणार नाही."

पाण्याचा पेला भरून काकांनी तिच्या हातात दिला. ती प्यायली, परत दिला. काका तो पेला हातात धरून तसेच उभे राहिले. काहीतरी टोचत होतं. पायात काटा असावा आणि दिसू नये, तसं.

"ताई, तो काय म्हणाला? 'तुमचा मुलगा'?"

"हो."

"पण तुम्हाला तर मुलगी आहे."

"एकच मुलगी. मुलगा नाहीच मला. पण तेव्हा त्याला दुरुस्त करायचं भान होतं कुणाला?"

"तिचं नाव घेतलं त्याने?"

बाईने आठवलं. "नाही. एकदाही नाही."

काका वळले ते थेट रस्त्यापलीकडच्या झाडाखाली. तिथे बैठकीच्या निकालाची वाट बघत सात-आठ पालक बसले होते. काकांनी एकेकाला दोनच गोष्टी विचारल्या. नाव घेतलं का? मुलगा म्हणाला की मुलगी?

नाव कुणाच्याच मुलाचं घेतलं नव्हतं. आणि तीन मुलींचा क्लासवाल्याने मुलगा केला होता.

फोन नंबर ठाऊक. गुण ठाऊक. सेकंद ठाऊक. घरी वडील आहेत की नाहीत, तेही ठाऊक. आणि पोराचं नाव तेवढं ठाऊक नाही? मुलगा की मुलगी, ते ठाऊक नाही?

काका परत आले आणि जिन्याखालच्या आपल्या खोलीत शिरले. तिथे लांब पात्याचं कटर, दोऱ्याचं रीळ, दाभण आणि पाठकोऱ्या कागदांची पेटी. आजच्या गुरुवारचे कागद कापायचे राहिले होते. सवयीने त्यांनी वरचा कागद उचलला, पात्याखाली धरला आणि बरोबर मधून, वरून खाली, खाट्कन कापला. अर्धा डाव्या हातात आला, अर्धा उजव्या.

काका त्या दोन अर्ध्यांकडे बघत राहिले. मग हळूच खाली बसले.

चोर कोण, ते त्यांना कळलं होतं. आणि कळल्यावर आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपण अडाणी राहिलो असतो तर बरं झालं असतं.

५

घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. शाळेत चार वाजले नव्हते. पोरं वर्गात चुळबुळत होती, शिक्षक मनगटं झटकून घड्याळ बंद पडलं का बघत होते.

मोठ्या बाईंच्या खोलीत समितीचे अध्यक्ष खुर्चीत बसले होते. बाजूला हेडक्लार्क, टायवाला, गणिताचे सर. कॉम्प्युटरबाई भिंतीला टेकून उभी. मोठ्या बाईंच्या पुढ्यात पाठकोरी वही, त्यावर पत्राचा मसुदा तयार. 'आपणांस आजपासून सेवेतून कमी करण्यात येत आहे.' फक्त सही राहिली होती.

टोलकाका चहाचा ट्रे घेऊन आत आले आणि बाहेर गेलेच नाहीत.

"टोलकाका, चार वाजले नाहीत का अजून?" अध्यक्ष म्हणाले.

"वाजतील. आधी एक फोन करायचाय, साहेब. सगळ्यांनी ऐका." आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत काकांनी कालचा नंबर लावला. मोठ्या आवाजावर. ह्या वेळी मुद्दाम.

"हॅलो," काका म्हणाले. "काल तुमचा फोन आला होता. मुलगा अपूर्णांकात कच्चा म्हणून."

"हो हो, सर!" तोच साखरेचा आवाज. "आणताय ना त्याला?"

"आणतो की. पण घरात पोरं दोन आहेत. कच्चं नेमकं कुठलं? नाव सांगा, त्यालाच पाठवतो."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. बराच वेळ.

"नाव असं... नाव आमच्याकडे नाहीये, सर."

"गुण आहेत, सेकंद आहेत, माझा नंबर आहे. आणि नाव नाही?"

"नाही ना, सर. कागदाची ती बाजूच आमच्याकडे आलेली नाही. म्हणजे कागद अर्धाच... एक मिनिट. कोण बोलतंय?"

"भोपळ्याचा बाप," टोलकाका म्हणाले, आणि फोन ठेवला.

खोलीत टाचणी पडली असती तर हेडक्लार्कांनी ती मोजून घेतली असती, इतकी शांतता.

"साहेब," काका म्हणाले, "यंत्रातून चोरी झाली असती, तर सगळी ओळ गेली असती. नावासकट. पासवर्ड असलेला माणूस अर्धी चोरी कशाला करेल? आणि भोपळ्या यंत्रातून दहा दिवसांपूर्वी पुसला गेला. म्हणजे ही यादी यंत्रातली नाही. ही त्याआधी छापलेली. कागदावरची. आणि तो कागद मधून कापलेला. डावीकडे नावं, उजवीकडे फोन आणि बाकीचं."

"कागद कापला कुणी पण?" अध्यक्ष म्हणाले.

"मी."

कॉम्प्युटरबाईने तोंडावर हात ठेवला.

"गेल्या गुरुवारी पेटीतून कागद काढले, कापले, शिवले. एक वही डाव्या अर्ध्यांची झाली, एक उजव्या अर्ध्यांची. मी मागची बाजू बघत नाही, कोरी आहे ना, एवढंच बघतो. शनिवारी क्लासवाल्याने हॉलमध्ये परीक्षा घेतली, रफ कामाला कागद मागितले. उजवी वही मी माझ्या हाताने दिली. पोरांनी एका बाजूला गणितं केली, त्याने दुसरी बाजू वाचली. सकाळपासून मी चोर शोधत फिरतोय, साहेब. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"हे सिद्ध कसं होणार?" मोठ्या बाई ताठ बसून म्हणाल्या. "सांगायला काय, कुणीही सांगेल."

"डाव्या वहीवरून," काका म्हणाले. "ती सोमवारी मी तुम्हाला दिली होती. तुमच्यासमोर आहे, बाई. कागद पलटा."

मोठ्या बाईंनी मसुद्याचा कागद पलटला. मागे सहावी बची नावं, खाली शेवटपर्यंत. एक्केचाळीसाव्या ओळीत भोपळ्या. त्याच्या भोवती लाल गोल, आणि शेजारी लाल शाईत, मोठ्या बाईंच्या स्वतःच्या वळणदार अक्षरात, 'हा कोण? काढा!'

गणिताच्या सरांना ठसका लागला.

"यादी छापून मागितली मीच," मोठ्या बाई म्हणाल्या. आवाज लहान झाला होता. "आणि वाचून झाल्यावर पेटीत टाकली, तीही मीच."

"हॉल मी दिला," अध्यक्ष छताकडे बघत म्हणाले.

"चोरी क्लासवाल्याची," काका म्हणाले. "शाळेने दिलेल्या रफ कागदावर दुसऱ्याच्या पोरांची माहिती दिसली, तर शहाणा माणूस परत आणून देतो. पण दार आपण सगळ्यांनी मिळून सताड उघडं ठेवलं होतं. आणि मला एक कळत नाही. शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या घरी वडील राहतात की नाही, हे अपूर्णांकाला कशाला लागतं?"

"त्याचा रकाना आहे ना," टायवाला म्हणाला.

"माझ्या शर्टाला खिसा आहे. म्हणून त्यात मी चहा ओतत नाही."

"मी म्हणाले होते, सगळे रकाने भरा," मोठ्या बाई म्हणाल्या. "बाईंनी तेव्हा विचारलंही होतं मला, हे कशाला म्हणून."

त्यांनी पत्र उचललं आणि फाडायला घेतलं. फाडता फाडता मध्येच थांबल्या आणि सवयीने दोन्हीकडून पाहिलं, कुठे कोरी जागा शिल्लक आहे का. मग काकांची नजर दिसली तशी पार चिंध्या केल्या.

"काका," कॉम्प्युटरबाई हळूच म्हणाली, "तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं, तुम्ही कापलं ते."

"तुम्हाला काढलं असतं ना पण," काका म्हणाले. "आणि मग माझ्या फोनातली अक्षरं परत बारीक झाली तर मी जायचं कुणाकडे?"

पाच वाजायला पाच कमी असताना त्या दिवशी शाळेत चार वाजले.

६

क्लासवाल्याकडची ती वही अध्यक्षांनी स्वतः जाऊन आणली. परीक्षेचा हॉल त्याला कायमचा बंद. गणिताच्या सरांनी साडूला निरोप पाठवला तो एकच: 'बोटांवर मोजली तरी पानं पुरी भरली पाहिजेत.' भरली.

घरचं, आईवडिलांचं, आजारपणाचं, असले रकाने कॉम्प्युटरबाईने टायवाल्याला शेजारी बसवून पुसायला लावले. हेडक्लार्कांच्या काचेखाली आता एक फुलाचं चित्र आहे. मोठ्या बाई त्याच संध्याकाळी शिवणाच्या दुकानात गेल्या. आत काय बोलणं झालं ते त्या दोघींनाच माहीत, पण दुसऱ्या दिवशी मुलगी पहिल्या टोलाला फाटकात होती, आणि काकांनी त्या दिवशी टोल जरा लांबवून दिला. काकांची शिक्षा त्यांनी स्वतःच ठरवली. पेटीतला एकेक कागद आधी दोन्ही बाजूंनी वाचायचा. पोरांचं काही असेल तर त्याचे बारीक तुकडे.

पण हे सगळं नंतरचं. त्या गुरुवारी काका घरी पोचले तेव्हा आक्का दारातच होती. केस नीट विंचरलेले. कपाटातला खालचा कप्पा रिकामा करून पुसलेला. ताटलीत एक सफरचंद, बरोबर चार फोडी केलेलं.

"एकटाच आलास?"

"आक्का, बस."

काकांनी सगळं सांगितलं. खोटा विद्यार्थी, रिकामा न राहणारा रकाना, कापलेला कागद. आक्का ऐकत राहिली. मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, तेव्हा काकांना भीती वाटायला लागली.

"म्हणजे कुणी नाहीच?"

"नाही."

"पुसला."

"दहा दिवस झाले."

आक्काने ताटली जवळ ओढली. "अपूर्णांक शिकवणार होते त्याला. हे पाव, हे अर्धं, असं. कालपासून आत्या होते मी," ती म्हणाली. मग पदराने नाक पुसलं आणि एकदम करड्या आवाजात विचारलं, "बरं, चार फोडी आणि माणसं दोन. एकाच्या वाट्याला सफरचंदाचा कितवा भाग?"

टोलकाका फोडींकडे बघत बसले. बरोबर चार सेकंद. मग हात धुवायचं निमित्त करून उठले आणि मोरीकडे पळाले.

"बघ," आक्का मागून ओरडली, "तुझाच होता!"